ट्रीटेड लाकडाचा बाक: टेबल सॉवरच्या नोंदी

७ फेब्रुवारी

फळ्या आल्या. ३८ बाय १४० मिमीच्या पाच, प्रत्येकी १८०० लांब, आणि पायांसाठी ८९ बाय ८९ चे दोन वासे. सगळं पाइन, दाबाखाली औषध मुरवलेलं, ज्याला सगळे नुसतं ‘ट्रीटेड’ म्हणतात. करायचाय तो साधा बाक: कायम बाहेर उघड्यावर राहणारा, १५०० लांब, ४०० रुंद, पाठ नाही. बैठकीला आठ पट्ट्या आणि दोन पट्ट्यांमध्ये ८ मिमीची फट. इतक्या अरुंद पट्ट्या तयार मिळाल्या नाहीत, म्हणून तीन फळ्या उभ्या चिरायच्या आहेत. टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीचं, काम तेवढंच. उरलेल्या दोन फळ्या चौकटीला, त्यांना फक्त आडवे काप.

प्रत्येक फळीच्या टोकाला स्टेपलने चिठ्ठी मारली आहे. ती उपटून फेकण्याआधी वाचावी. रसायन कोणतं आणि लाकूड कुठे वापरायच्या लायकीचं, हे फक्त तिथेच कळतं. वापराचे वर्ग देशागणिक वेगळे: कुठे एच१ ते एच६, कुठे यूसी१ ते यूसी५. आकडा जितका मोठा तितकं लाकूड जास्त वाईट परिस्थितीसाठी. माझ्या चिठ्ठीवर कॉपर अझोल, म्हणजे तांबं आणि अझोल नावाचं बुरशीनाशक यांचं औषध, आहे आणि वर्ग जमिनीशी संपर्क चालेल असा. म्हणजे आर्सेनिक नाही. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला, आणि स्टेपल मात्र आजच पक्कडीने काढल्या. त्या विसरल्या जातात आणि मग पात्याला सापडतात.

फळी हाताला गार आणि ओलसर लागते. एक काट्यावर ठेवली: ७.६ किलो. याच मापाची वाळलेली पाइनची फळी पाच किलोच्या आसपास भरते. म्हणजे आत अडीच किलो पाणी बसलंय. आज काही कापायचं नाही.

८ फेब्रुवारी

फळ्या रचून ठेवल्या. खाली सपाट ठोकळे, प्रत्येक थरात साधारण ४०० मिमीवर २० मिमी जाडीच्या आडव्या पट्ट्या, एकावर एक बरोबर ओळंब्यात. वर जड फरशा. डोक्यावर छप्पर, बाजू मोकळ्या. पट्ट्या ओळंब्यात नसल्या तर फळी वाळताना त्या वाकड्या रेषेवरच वाकते आणि तशीच राहते.

ट्रीटेड लाकूड म्हटलं की बोलणं थेट विषावर जातं. विषाचा विचार हवाच, पण बोटं जातात ती पात्याने. इथे दोन धोके आहेत. एक क्षणात घडणारा: लाकूड पात्याला अडकून मागे फेकलं जाणं. दुसरा हळू: भुसा श्वासात जाणं, हाताला लागून तोंडात जाणं. दोन्हींवर स्वतंत्रपणे भरपूर सल्ला मिळतो. अडचण अशी की एकाचा उपाय बरेचदा दुसऱ्याच्या मुळावर येतो, आणि हे कोणी फारसं सांगत नाही.

ओल्या लाकडाचंच घ्या. ओलं लाकूड कापताना भुसा जड होतो, उडत नाही, खाली पडतो. फुफ्फुसांना बरं. पण त्या लाकडाचे तंतू फुगलेले असतात, पाती त्यात घासते, काप मागून मिटतो, भुसा दातांमधल्या खाचांत चिकटून बसतो आणि मोटर कण्हायला लागते. कोरडं लाकूड सरळ कापलं जातं, पण त्याचा भुसा पिठासारखा बारीक होऊन हवेत तरंगतो.

मी कोरड्याच्या बाजूने आहे. भुशाचा बंदोबस्त आधीपासून करता येतो: व्हॅक्यूम लावा, मास्क घाला, बाहेर कापा. मिटणाऱ्या कापाशी मात्र ऐनवेळीच गाठ पडते. थांबायचं कारण आणखी एक आहे: औषध तंतूंना पक्कं धरायलाही वेळ लागतो, आणि थंड हवेत तो वाढतो. कारखान्यातून नुकतंच आलेलं, ठिबकणारं लाकूड हाताळू नये असं म्हणतात ते यासाठीच. वाळवूनच विकलेलं ट्रीटेड लाकूडही असतं, महाग पडतं. पट्ट्या चिरायच्या असतील तर ते घेणं शहाणपणाचं. मला वेळ आहे, म्हणून घरीच वाळवतोय.

२२ फेब्रुवारी

तीच फळी: ६.४ किलो.

सुयांचं ओलावामापक लावून पाहिलं तर आकडा वजनाच्या मानाने बराच वर. हे उपकरण दोन सुयांमधला विजेचा रोध मोजतं, आणि तांब्याचे क्षार असलेलं लाकूड वीज जास्त सहज वाहू देतं. त्यामुळे ट्रीटेड लाकडात ते सहसा चढं वाचतं. मी त्याच्या नादी लागत नाही. वजन उतरायचं थांबलं की लाकूड भोवतालच्या हवेशी जमवून घेतं, तेवढं कळलं तरी पुरे.

१ मार्च

भाचा कुठल्या तरी मोडलेल्या कुंपणाच्या फळ्या घेऊन आला. राखाडी, जाड, वजनाला हलक्या, एकही कुजलेली नाही. ‘मामा, यातनंच बाक कर की, वाळलेल्या आयत्या मिळाल्यात.’

कुजलेली नाही, याचाच मला संशय आला. इतकी वर्षं उघड्यावर राहून पाइन टिकतं ते औषधामुळे, आणि जुनं औषध बहुधा सीसीए, म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण. हा शोध भारतातला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ मध्ये तो लावला आणि पुढे जगभर विजेचे खांब, कुंपणं, लाकडी ओटे, झोपाळे त्यावर उभे राहिले. कल्पना हुशारीची होती. तांबं बुरशी मारतं, पण काही बुरशींना तांबं पचतं. त्यांना आणि वाळवीला आर्सेनिक. आणि हे दोन्ही पावसात धुऊन जाऊ नयेत म्हणून त्यांना लाकडात बांधून ठेवणारं क्रोमियम. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ते थांबलं. इतर अनेक देशांनीही पुढच्या काळात निर्बंध आणले. आता तांबं तेच आहे, आर्सेनिकची जागा अझोलने किंवा क्वाटर्नरी अमोनियम संयुगांनी घेतली.

नवं सीसीए हिरवट दिसतं. पण उन्हात पंधरा-वीस वर्षं काढलेली फळी नुसती राखाडी होते, आणि मग ट्रीटेड कोणती, साधी कोणती, त्यातही सीसीए कोणती हे डोळ्यांनी सांगता येत नाही. चिठ्ठी केव्हाच गेलेली. शिवाय आत मोडलेले खिळे.

भाच्याला सांगितलं, ज्या लाकडाचा इतिहास माहीत नाही ते माझ्या करवतीवर चढणार नाही. त्याला ते पटलं नाही. एवढं चांगलं लाकूड फुकट जाणार, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. आहे त्या लांबीत, न कापता, कुठे वापरता आलं तर वापर म्हणालो. भाजीच्या वाफ्याला किंवा जनावरांच्या गोठ्यात नको. आणि जाळायचं तर अजिबात नाही: आर्सेनिक काही धुरातून जातं, उरलेलं तांब्या-क्रोमियमसकट राखेत साठतं.

१५ मार्च

५.५ किलो. एका फळीच्या टोकाला बोटभर चीर गेली आहे. टोकं कापायचीच होती.

२९ मार्च

५.१ किलो, गेल्या आठवड्याइतकंच. वाळली.

ओली असताना १४० भरलेली रुंदी आता १३६ आहे, जाडी ३७. त्यामुळे पट्ट्यांचा हिशेब आज केला, आधी केला असता तर फुकट गेला असता. पात्याचा काप ३.२ मिमी. १३६ मधून दोन काप गेले की उरतात १२९.६, त्याच्या तीन पट्ट्या. फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची ती सरळ पट्टी, पात्यापासून ४३ वर लावली की ४३, ४३ आणि शेवटची ४३.६. बैठकीत आठ पट्ट्यांचे साधारण ३४४ आणि सात फटींचे ५६, मिळून ४०० च्या आसपास. तीन फळ्यांतून नऊ निघतात, एक जादा.

मग कागदावर दुसरा प्रश्न: कोणता काप टेबल सॉवर नाहीच करायचा? आडवे सगळे. पावणेदोन मीटरची फळी माइटर गेजला, म्हणजे टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या आडव्या आधाराला, धरून आडवी ढकलणं म्हणजे लोंबणारं टोक सांभाळत बसणं, आणि ती जराशी तिरकी झाली की पाती धरते. ते काम हातातल्या गोल करवतीने, फळी घोडीवर ठेवून, मोकळ्यावर. उभे काप मात्र गोल करवतीने सरळ येत नाहीत, तिथे टेबल सॉ हवी. सहा काप. तेवढ्यासाठीच ती सुरू करायची.

काप कमी ठेवण्यामागे भुशाशिवाय दुसरंही कारण आहे, ते चिरल्यावर दिसेलच.

४ एप्रिल

सॉ बाहेर काढली. मोकळी जागा, पण जमीन पक्की. ‘ट्रीटेड लाकूड बाहेर कापा’ हा सल्ला योग्य, पण डुगडुगत्या टेबलापेक्षा आतली बंद खोली बरी म्हणायची वेळ येऊ नये. चारही पाय पाचरी लावून बसवले, वर जोर देऊन पाहिलं. खाली मोठी ताडपत्री अंथरली, पण पाय ठेवायच्या जागेपाशी ती कापून काढली. ताडपत्रीच्या सुरकुतीत बूट अडकला तर तोल पात्याकडे जातो.

पाती बदलली. नेहमीची ६० दातांची प्लायवुडला ठीक. उभ्या चिरायला २४ दातांची, सपाट माथ्याच्या दातांची, खाचा खोल. लांब तंतू ओढून काढले जातात, त्यांना मावायला जागा लागते. पात्याचा काप ३.२, पात्याचं अंग २.२, आणि रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्याच्या लगेच मागे कापात उभी राहणारी पोलादी पट्टी, २.६ मिमी. ही तीन मापं जुळली पाहिजेत: नाइफ पात्याच्या अंगापेक्षा जाड हवी, म्हणजे मिटणारा काप ती उघडा धरेल, आणि कापापेक्षा पातळ हवी, नाहीतर लाकूड तिच्यावरच अडकेल. पात्याच्या दातांपासून तिचं अंतर ३ ते ८ मिमी. माझ्या हिशेबी या अख्ख्या यंत्रावर जिवाच्या मोलाचा भाग हाच, आणि पाती बदलताना काढून ठेवला की परत लावायचा कंटाळा येतो तोही हाच.

२५४ मिमीची पाती मिनिटाला ४००० फेरे घेते तेव्हा तिच्या दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात जातो. काप मिटून मागच्या, वर येणाऱ्या दातांनी लाकूड धरलं तर ते त्याच वेगाच्या ओढीने तुमच्याकडे येतं. म्हणून उभं राहायचं पात्याच्या रेषेच्या बाहेर, एका बाजूला. फेन्स पात्याला समांतर. मी मागच्या बाजूला केसभर उघडी ठेवतो. उलट, मागे आवळलेली फेन्स सर्वांत वाईट.

फेदरबोर्ड, म्हणजे फळी फेन्सला दाबून धरणारा लवचीक दात्यांचा तुकडा, पात्याच्या अलीकडे लावला. पात्याच्या शेजारी किंवा पलीकडे लावला तर तो काप दाबून बंदच करतो. पलीकडे टेबलाच्या पातळीला, किंचित खाली, आधाराचं टेबल. पात्यावरचं कव्हर जागेवर, त्याला व्हॅक्यूमची नळी, दुसरी नळी खालच्या तोंडाला. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरणारा. साधा फिल्टर मोठा भुसा ठेवून घेतो आणि सर्वांत बारीक धूळ मागच्या तोंडातून परत हवेत सोडतो.

लोखंडी टेबलाला मेण घासलं. लाकूड सहज सरकतं, आणि तांब्याच्या क्षारांनी पडणारे गंजाचे डाग रोखले जातात.

साध्या लाकडाच्या तुकड्यावर एक काप घेऊन पाहिला. ४३.० आला.

त्वचेचा स्पर्श ओळखून थांबणारी करवत असली की काळजी नको, असं एकाने ऐकवलं. तिच्यात पात्यावर बारीक विद्युत-संकेत सोडलेला असतो. बोट लागलं की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ब्रेक दातांत घुसून काही सहस्रांश सेकंदांत पाती थांबवतो. उत्तम सोय. पण लाकूड ओलं आणि वर ट्रीटेड असेल तर तेही वीज वाहून नेतं, आणि यंत्राला तेच बोट वाटू शकतं. मग ब्रेक आणि पाती दोन्ही बदला, नाहीतर ती सोय बंद ठेवून कापा, म्हणजे साध्या करवतीसारखीच झाली. तिथेही उत्तर एकच: आधी वाळवा.

५ एप्रिल

कापायचा दिवस. वारा पाठीकडून बाजूला जाईल असा उभा राहिलो.

आधी गोल करवतीने आडवे काप. तिन्ही फळ्या १५२० वर आणल्या, चिरलेली टोकं गेली. आखूड फळी चिरताना सांभाळायलाही सोपी. वासे कापताना एक गोष्ट पाळली: दोन वाशांना कारखान्यातली चार टोकं असतात आणि मला चार पाय हवेत. प्रत्येक पायाचं कारखान्याचं टोक खाली जमिनीकडे, माझा काप वर. त्या टोकांत औषध सगळ्यांत खोल गेलेलं असतं. तिथे पेन्सिलने बाण काढून ठेवले.

भाचा मदतीला होता. फळ्या उचलून आणताना त्याला हातमोजे घालायला लावले. कुसळं बारीक असतात, आणि ट्रीटेड लाकडाचं कुसळ जास्त चिडतं. सॉपाशी आल्यावर ते काढायला सांगितले.

‘मघाशी घाल म्हणालास, आता काढ म्हणतोस?’

मघाशी फळीला हात लावायचा होता. आता शेजारी पाती फिरणार. हातमोज्याचा धागा दाताला लागला तर कातडीसारखा तुटत नाही, हात आत ओढून नेतो. दोन धोके एकमेकांच्या विरोधात जातात ते असे. तिथे क्षणात घडणाऱ्या धोक्याचं ऐकायचं, आणि हळू येणाऱ्याचं नंतर साबणाने धुवायचं. बाह्यांचंही तेच: अंग झाकलेलं हवं, पण सैल काही नको. मनगटाशी घट्ट बसणाऱ्या बाह्या घातल्या.

मास्कच्या बाबतीत वेगळीच पंचाईत. साधा एफएफपी२ घातला की थोड्याच वेळात चष्म्यावर वाफ. चष्मा धुरकट म्हणजे पाती धुरकट. आणि वाफ वर येते याचाच अर्थ मास्क नाकापाशी गळतोय, म्हणजे धूळही तिथूनच आत. अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क काढला, श्वास सोडायची झडप खाली असलेला, पी१०० फिल्टरचा. तळहातांनी फिल्टर झाकून श्वास ओढला, मास्क चेहऱ्याला चिकटला, म्हणजे गळत नाही. याला दाढी चालत नाही, खुंटही नाही. भाच्याची दाढी आहे. तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब राहिला, आणि पलीकडे फळीला आधार देण्यापुरता त्याला घ्यायचा विचारही सोडला. तसंही मदतनीस फळी ओढायला जातो, आणि ढकलायचं काम एकाच माणसाचं असावं. आधाराचं टेबल ओढत नाही.

लाकडाचा भुसा, औषध असो वा नसो, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातला आहे. त्यामुळे ‘यात आर्सेनिक नाही ना, मग मास्क कशाला’ याला अर्थ नाही.

पहिली फळी: सरळ कडा फेन्सला, बाक आलेली बाजू तपासून. पाती इतकीच वर की दातांमधल्या खाचेचा तळ लाकडाच्या जरा वर दिसावा. सॉ चालू, पूर्ण वेग येऊ दिला, आणि फळी एकसारख्या गतीने आत. शेवटच्या हातभर अंतराला हात बाजूला, पुश ब्लॉक, म्हणजे ढकलायचा ठोकळा, पुढे. फेन्स आणि पाती यांच्यामध्ये फक्त ४३ मिमी, तिथे हाताचं काहीच काम नाही. पट्टी पात्याच्या पार पलीकडे जाईपर्यंत ढकलली. दोन्ही काप स्वच्छ. भुसा कोरडा, हिरवट झाक असलेला, जवळजवळ सगळा नळीत.

दुसरी फळी. पहिला काप निम्म्यावर आला आणि मोटरचा आवाज खाली बसला. पुढच्या वीतभर अंतरात ढकलायला जोर जास्त लागायला लागला. कापाकडे नजर टाकली: पात्याच्या मागे, नाइफच्या पलीकडे, तीन मिमीची फट कागदाएवढी झालेली. झाड वाढताना लाकडात जो ताण राहून गेलेला असतो तो चिरल्यावर सुटतो, आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींकडे वळतात. वाळवल्याने ओलाव्याचा त्रास जातो, हा जात नाही.

फळी जिथे होती तिथेच दाबून धरली, मागे किंवा पुढे काहीही न करता, आणि गुडघ्याने मोठं बटण दाबून सॉ बंद केली. पाती पूर्ण थांबेपर्यंत हात हलवला नाही. फिरत्या पात्यावरून फळी मागे ओढणं हेच फेकलं जाण्याचं आमंत्रण. नाइफ दोन्ही बाजूंनी करकचून धरलेली होती. ती नसती तर ते लाकूड मागच्या दातांना सापडलं असतं. प्लग काढला, कापात लाकडी पाचर ठोकली, फट उघडली, फळी अलगद बाहेर. उरलेला काप जिगसॉने केला आणि कडा रंध्याने सरळ केली. वेळ गेला, जाऊ दे. त्या फळीचा दुसरा काप लावून पाहिला, तो मुकाट्याने गेला. मोठा ताण पहिल्या कापात सुटला होता.

तिसरी बिनतक्रार.

६ एप्रिल

आवरणं. काल संध्याकाळी करायचं उरकून टाकलं होतं: कपडे बाहेरच झटकून वेगळे धुवायला, हात-तोंड धुऊन मगच काही खाणंपिणं. आज सॉ.

कॉम्प्रेसरची हवा मारली नाही. कोपऱ्यात शांत बसलेली धूळ परत नाकापर्यंत आणायची ती पद्धत. झाडूही नाही. व्हॅक्यूम, आणि मग ओलसर फडकं. ताडपत्री चारही कोपरे उचलून आत दुमडली, भुसा जाड पिशवीत, तोंड बांधलं. बारीक तुकडेही त्याच पिशवीत, कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जातील. हा भुसा झाडांच्या बुंध्याशी, खताच्या खड्ड्यात किंवा शेगडीत घालायचा नाही. तुकडे दिसायला छान असतात म्हणून कोणी त्याची पोळपाटाएवढी फळी करून भाजी चिरायला घेतो, तेही नको.

पात्यावर चिकट काळपट थर होता, ब्रशने आणि क्लीनरने काढला. टेबल पुसून परत मेण.

आता काप नीट पाहता आले. पाचव्या पट्टीचं टोक हातात घेतलं: बाहेरच्या तीन बाजूंना हिरवट रंग थोडाच आत गेलाय, मग एक धूसर रेघ, आणि त्यापलीकडे स्वच्छ पिवळसर लाकूड. माझ्या करवतीने उघडी केलेली कडा जवळजवळ पूर्ण पिवळी. म्हणजे औषध नसलेली. दुसऱ्या एका पट्टीत मात्र आरपार हिरवट. फरक झाडातल्या जागेचा आहे. बाहेरच्या कोवळ्या थरांतून झाड पाणी वर नेतं, तिथल्या वाटा उघड्या असतात. आतल्या गाभ्याच्या वाटा झाडाने स्वतःच बंद केलेल्या असतात. जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये जी पद्धत आणली तीच मूळ आजही चालते: बंद टाकीत आधी हवा शोषून पोकळी करायची, मग औषध सोडून दाब द्यायचा. तरी गाभ्यात ते फारसं शिरत नाही. ट्रीटेड फळी म्हणजे नारळासारखं काम, संरक्षण काय ते कवटीत. उभा चिरला की ते आपणच उघडतो. काप कमी ठेवा म्हणालो ते यासाठी.

१२ एप्रिल

उघडे पडलेले सगळे काप भरून घेतले. कॉपर नॅफ्थेनेट, २ टक्के तांबं असलेलं, ब्रशने दोन हात. आडवी टोकं मात्र डब्यात बुडवून ठेवली, कारण तंतूंची तोंडं तिथेच उघडतात आणि ब्रशने लावलेलं पुरत नाही. इथे हातमोजे हवेतच, रबरी. हे औषध हिरवं आणि उग्र वासाचं असतं, आणि पूर्ण वाळेपर्यंत त्याच्यावर बसायचं नाही. चिरलेल्या बाजू फटींकडे जातात, बैठकीच्या वरच्या पृष्ठाला कारखान्याचीच बाजू आहे, हे बरं जमलं.

जिथे गाभा जास्त उघडा पडलाय त्या पट्ट्या मध्यावर, पूर्ण हिरव्या दोन्ही कडांना. पाणी कडांवरून ओघळतं.

स्क्रू स्टेनलेस. नव्या औषधांत तांबं जुन्या सीसीएपेक्षा जास्त आणि बांधून ठेवणारं क्रोमियम नाही. ओलाव्यात ते तांबं साध्या लोखंडाला आणि पातळ जस्ताच्या मुलाम्याला खाऊन टाकतं. जाड गरम मुलाम्याचे स्क्रूही चालतात, समुद्राजवळ ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्यावं. टोकांजवळ आधी भोक पाडूनच स्क्रू बसवले. भोकांचा चुराही व्हॅक्यूमने उचलला, तो विसरला जातो.

१० मे

पाऊस पडून गेला, ऊन पडून गेलं. बाक उभा आहे. दुसऱ्या फळीतल्या त्या ताणलेल्या पट्टीने मध्यावर तीनेक मिमी बाक घेतलाय, फट एका जागी पाचवर आली आहे. पाणी अडत नाही, म्हणून तशीच राहू दिली. चार स्क्रू पाव फेरा आवळले, बाकीचे घट्ट आहेत. पायांची खालची टोकं पाहिली, कोरडी.

नववी पट्टी शिल्लक होती. तिची काही तरी छोटी वस्तू करावी असं भाचा म्हणत होता, त्यासाठी सॉवर आणखी बारीक चिरावी लागली असती. ती आहे त्या लांबीत बाकाखाली दोन चौकटींच्या मध्ये आडव्या आधाराला लावून टाकली, फक्त टोकं हातकरवतीने कापून आणि औषधात बुडवून. व्हॅक्यूमचा फिल्टर भरलाय, नवा मागवायचा आहे.